रंग हलला तरी चालेल

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलेघेनी नदीवर अगदी एकसारखे तीन पिवळे पूल ओळीने उभे आहेत. मधल्याला २००५ पासून चित्रकार अँडी वॉरहॉलचं नाव आहे. तो चालत ओलांडला की सँडस्की स्ट्रीटवर लगेच त्याचं सात मजली संग्रहालय लागतं.

माझं इथे येण्याचं कारण घरगुती होतं. कोल्हापुरात बाबांचा लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा होता. ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, शाई दाबून छापायचं. माझं लहानपण थिनरच्या वासात आणि दोरीवर वाळत घातलेल्या कार्डांखाली गेलं. बाबांचा नियम एकच: रंग केसभर जरी हलला तरी कार्ड बाद. आणि ज्या माणसाने हेच तंत्र जगभर गाजवलं, त्याच्या चित्रांत मात्र रंग खुशाल हललेले!

संग्रहालय वरून खाली बघायचं असतं. सातव्या मजल्यावर त्याचं बालपण आहे. जन्म १९२८चा, याच शहरातला. आईवडील आताच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा गावचे, आडनाव वारहोला. आठेक वर्षांचा असताना त्याला असा आजार झाला की हातपाय आपोआप झटके देत. अंथरुणावर पडून तो चित्रं रंगवायचा आणि एक पान पुरं झालं की आई, ज्युलिया, हर्शीचं चॉकलेट द्यायची. वडील १९४२ मध्ये गेले, पण या पोराच्या कॉलेजचे पैसे बाजूला ठेवून गेले. या मजल्यावर मी ठरवलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबले.

१९४९ मध्ये पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला गेला आणि जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढू लागला. तेव्हाच त्याने एक युक्ती धरली होती. एका कागदावर शाईने रेघ काढायची आणि ती ओली असतानाच दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची. उमटणारी रेघ तुटक, जरा थरथरती. म्हणजे छपाईची खोड त्याच्या गाजलेल्या सूपच्या डब्यांच्या आधीचीच. १९६२ची ती सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मात्र बरीचशी हातानेच रंगवलेली आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिनेतारका मेरिलिन मन्रो गेली. तो नुकताच फोटोवरून सिल्कस्क्रीन, म्हणजे बाबांचंच स्क्रीन प्रिंटिंग, करायला लागला होता. त्याने तिच्या एका जुन्या सिनेमाचा प्रसिद्धीचा फोटो घेतला. आधी कॅनव्हासवर केस, ओठ, पापण्या यांचे रंगाचे ठोकळे भरायचे, मग वरून काळ्या शाईत फोटो छापायचा. दोन्ही नेमके जुळले नाहीत की लिपस्टिक ओठांबाहेर जाते. जाळी कुठे बुजते, कुठे स्क्वीजीचा दाब कमी पडतो, आणि तोच चेहरा दर वेळी निराळा होतो. इथे चंदेरी रंगावर ओळीने गायक एल्व्हिस प्रेस्लीचे ११ छाप उभे आहेत. मी जवळ जाऊन बाबांच्या नजरेने तपासले. ११ पैकी एकही पास झाला नसता. पण एकसारखे निघाले असते, तर मी दुसऱ्यापाशीच पुढे सरकले असते.

१९६७चा मेरिलिनचा दहा प्रिंटांचा संच वेगळा. तो कागदावर, व्यावसायिक छापखान्यात काढलेला, प्रत्येक प्रिंटच्या २५० प्रती. तिथे रंग हलवलाय तो ठरवून. बाबांना हे कसं समजावणार?

मधले मजले भराभर केले. फक्त हवेत तरंगणाऱ्या चंदेरी उशांच्या खोलीत एका तीन वर्षांच्या पोराबरोबर मनसोक्त धुडगूस घातला. तळघरातल्या वर्कशॉपमध्ये कोणालाही छापून बघता येतं. मीही स्क्वीजी ओढली. हात बाबांनी शिकवलेला, त्यामुळे प्रिंट स्वच्छ निघाली. जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेथेल पार्कच्या दफनभूमीत गेले. १९८७ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो न्यूयॉर्कमध्ये गेला, पण त्याला पुरलं ते इथे, आईवडिलांजवळ. काळा साधा दगड, त्यापुढे लोकांनी ठेवलेले सूपचे डबे. समाधीवर कॅमेरा रोखलेला आहे आणि ते दृश्य जगात कुठूनही थेट दिसतं. कोल्हापुरात तेव्हा संध्याकाळ होती. बाबांना लिंक पाठवली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहून हात हलवला.

फोन वाजला. "दिसलीस गं. ते डबे भरलेले आहेत का रिकामे?"

मी एक उचलून हलवून बघितला. भरलेला होता.