शेकोबाची दौरावही: मेणवली ते सावंतवाडी

शेकोबा म्हणजे भीमाशंकरच्या शेकरूवर बेतलेलं २२ सेंटिमीटरचं मऊ खेळणं, प्रवासात ठिकठिकाणी ज्याचे फोटो काढायचे ते. तांबूस पाठ, पिवळट पोट आणि धडापेक्षा लांब शेपूट. सगळा घोळ ही शेपूटच घालते. तिच्या वजनाने खेळणं मागे कलंडतं आणि फोटोत ते बसलेलं न वाटता कुणीतरी टाकून गेल्यासारखं दिसतं. कॅमेरा कितीही भारी असू दे, बैठक फसली की फोटो गेला.

म्हणून निघण्याआधी शेपटीची शिवण उसवून २ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून आत घातली आहे. तारेची टोकं वळवून त्यांवर कापडी टेप गुंडाळायचा, नाहीतर ती फरमधून बाहेर डोकावतात. लोखंडी तार नको, पावसात गंजून फरवर डाग पडतात. बुडाशी घट्ट विणीच्या पिशवीत १२० ग्रॅम काचेचे मणी. वजनासाठी मोहरी किंवा तांदूळ भरणारे बरेच आहेत, पण धान्य एकदा भिजलं की बुरशी आलीच. सोबत दोन मीटर तंगूस (नायलॉनचा बारीक पारदर्शक धागा), जुना टूथब्रश, पंचा आणि पिवळं उपरणं.

उपरणं मेणवलीलाच कामी आलं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट काळ्या दगडाचा, त्यावर तांबूस फर सावलीत हरवून जाते. गळ्यात पिवळं काही असलं की आकार उठून दिसतो. घाटावरच्या देवळातली मोठी घंटा १७३९च्या वसई विजयानंतर आणलेली, असं सांगतात. तिथे शेकोबा हातातच धरायचा, घंटेला टेकवायचा नाही.

कासला त्याला जमिनीवर ठेवायचंच नाही. फरमध्ये आघाड्याची, गोखरूची बोंडं अडकतात आणि पठारावर बाहेरचं बी नेणं म्हणजे त्या फुलांच्या मुळावर उठणं. गाडीतून उतरण्याआधी टूथब्रशने फर विंचरायची आणि वाटेवरूनच, हात लांब करून फोटो घ्यायचा. दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपं फार बुटकी असल्याने कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्यावा लागतो.

सगळ्यात जास्त प्रयोग झाले ते चाळकेवाडीला. पवनचक्की आणि शेकोबा एकाच उंचीचे दाखवायचे तर हिशेब सोपा आहे: दोघंही कॅमेऱ्यापासून आपापल्या उंचीच्या तिप्पट अंतरावर हवेत. खांब ५० मीटरचा धरला तर तो १५० मीटरवर आणि शेकोबा ६६ सेंटिमीटरवर. अडचण फोकसची. फोनच्या मुख्य लेन्सने इतक्या जवळचं खेळणं टिपलं की मागचा खांब थोडा धूसर होतो. रुंद लेन्सने दोन्ही स्पष्ट येतात, पण कडेला असलेलं खेळणं ताणलं जातं, म्हणून त्याला फोटोच्या मधल्या एक तृतीयांश भागात ठेवा. पोर्ट्रेट मोड बंदच. फरची कड त्याला ओळखता येत नाही, शेपूट कापल्यासारखी दिसते. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर ०.७ ने वाढवा, नाहीतर नुसती काळी आकृती. वाऱ्यापुढे १२० ग्रॅमही अपुरे पडतात. तंगूस कमरेला बांधून दगडाखाली दाबायचा, फोटोत तो दिसत नाही.

कणेरी मठाच्या ग्रामजीवन संग्रहालयातल्या बलुतेदारांच्या पूर्णाकृती मूर्ती इतक्या हुबेहूब की खोटा वाटतो तो शेकोबाच. त्याला मूर्तीच्या बराच पुढे, कॅमेऱ्याजवळ धरला की तो जिवंत वाटतो. मूर्तीच्या खांद्यावर चढवायचा मोह आवरा.

आंबोलीत धुक्यामुळे कॅमेरा फसतो. पांढरं धुकं तो करडं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पूर्ण एकने वर. एसीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते, त्यामुळे पोहोचायच्या दहा मिनिटं आधी काचा खाली. धबधब्यापाशी माकडं हातातलं काहीही पळवतात, तंगुसाचं दुसरं टोक मनगटाला हवं. भिजलेला शेकोबा पिळायचा नाही, तार मोडते. पंच्यात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत टांगायचा. डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर डोळे चिकटवलेला हॉट ग्लू मऊ होतो आणि एक डोळा खाली घसरतो.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी भातुकली शेकोबाच्या मापाला अगदी बसते, दुकानदाराला विचारूनच मांडा. ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. पट्टे गेले, पण संथ शटरला हात हलून चालत नाही. पुढच्या टप्प्याआधी छोटा ट्रायपॉड घ्यायचा आहे आणि शेपटीची तार बदलायची आहे, बुडाशी ती वाकून वाकून कमकुवत झाली आहे.