डोळ्यांखालची सूज आणि संत्र्याची साल

ठाण्यात नौपाड्यात माझं त्वचारोगाचं क्लिनिक आहे. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी येणारे रोजचेच. वागळे इस्टेटला रात्रपाळी करणारा एक पंचविशीचा मुलगा मात्र डोक्यातून जात नाही. आल्या आल्या त्याने टेबलावर ट्यूब ठेवली. "डॉक्टर, महिनाभर लावतोय, सूज उलट वाढलीय. याच्यापेक्षा भारी काही द्या ना."

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. हेस्परिडिन मिथाइल चाल्कोन. संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या थरात हेस्परिडिन भरपूर असतं, पण पाण्यात ते जेमतेम विरघळतं. म्हणून प्रक्रिया करून त्याची विरघळणारी पिवळसर-केशरी पूड बनवतात. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणं कमी व्हावं, हा उद्देश. कल्पना जुनीच आहे. १९३६ मध्ये हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबातल्या अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं. ते व्हिटॅमिन नाही, हे पुढे ठरलं. जागरणाने येणाऱ्या हलक्या सुजेला असं क्रीम लावून बघायला माझी हरकत नसते.

पण याच्या वरच्या पापण्याही फुगल्या होत्या. सकाळी डोळे उघडवत नाहीत, म्हणाला. मी बूट-मोजे काढायला लावले. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठलेला. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खड्डा तसाच!

"लघवीला फेस येतो का रे?"

"येतो की. पाणी कमी पितो म्हणून असेल."

लघवीत तपासणीची पट्टी बुडवली. प्रथिनांचा पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला.

मूत्रपिंडांतून प्रथिनं वाहून गेली की रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं प्रथिन, घटतं, आणि पाणी रक्तवाहिन्यांबाहेर साठू लागतं. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, खालचा भाग सैल; रात्रभर आडवं राहिलं की पाणी आधी तिथे दिसतं. वरून कितीही भारी क्रीम लावा, ही गळती आतली. रात्रपाळी आहे म्हटल्यावर घरच्यांनी, मित्रांनी सगळं झोपेच्या माथी मारलं होतं, आणि त्यात तो महिना गेला, याचं मला फार वाईट वाटलं. "घाबरू नकोस, पण बाबांना घेऊन आजच जा," म्हणून ओळखीच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला.

बायोप्सी झाली, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. नंतर तो वडिलांसोबत आला. काळेपणा होताच. बोटाने कातडी हलकेच ताणून पाहिली. रंग तसाच तपकिरी राहिला, म्हणजे रंगद्रव्याचा. शेजारी बसलेल्या वडिलांच्या डोळ्यांखालीही तोच रंग होता. त्यावर संत्र्याच्या सालीचं हे द्रव्य फारसं कामाचं नाही. मी सनस्क्रीन लिहून दिलं आणि पुढची लघवीची तपासणी कधी आहे, ते विचारलं.