निजलेली कुंडी

कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या बुटांच्या शेजारी, नुसत्या मातीने भरलेली एक कुंडी आहे. कुणाच्या ती चुकून नजरेस पडलीच, तर मी घाईघाईने सांगते, "झोपलंय ते." मग समोरचा माणूस कुंडीकडे न बघता माझ्याकडे बघतो.

झोपलाय तो ग्लॉक्सिनियाचा कंद. दोनच महिन्यांपूर्वी याच कुंडीत तळहाताएवढी मखमली पानं पसरली होती आणि मधोमध जांभळ्या घंटा, पांढऱ्या काठाच्या. इतका थाटमाट करणारं झाड एकदम सगळं आवरून जमिनीखाली जातं, हे पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी फुलं बघत असेन.

कंद पहिल्यांदा हातात आला तेव्हा अडलं ते वर कुठलं आणि खाली कुठलं इथेच. तपकिरी, चपटा, मातीच्या ढेकळासारखा. एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट. फुगीर बाजू वर असणार असं आपलं मी ठरवलं आणि पुरला. महिना उलटून गेल्यावर कोंब आला तो पार कुंडीच्या काठाशी, कंदाला वळसा घालून, वाट चुकलेल्या माणसासारखा. खोलगट बाजू वर ठेवायची असते. कोंब त्या खळग्यातूनच फुटतो. ते खळगं दिसतं पाणी साठवायला केल्यासारखं, आणि तिथेच पाणी साठू द्यायचं नसतं, नाहीतर कोंब कुजतो. म्हणून पाणी कडेकडेने घालायचं, किंवा कुंडी बशीत ठेवून खालून पिऊ द्यायचं, आणि अर्ध्या तासाने बशीत उरलेलं ओतून टाकायचं. पानांवर तर थेंबही नको. गार पाणी पडलं की त्या मखमलीवर डाग उमटतो आणि तो पान गळेपर्यंत जात नाही. बाकी फारसे नखरे नाहीत. भरपूर उजेड, पण अंगावर ऊन नको, माती भुसभुशीत, कुंडी उथळ असली तरी चालते.

या झाडाचं नावही चुकलेलंच. मूळ गाव ब्राझील, रिओ दि जानेरोच्या आसपासचे खडक. १८१७ साली इंग्लंडमध्ये लॉडिजेस या रोपवाटिकावाल्याने त्याला 'ग्लॉक्सिनिया' वंशात बसवलं. पुढे लक्षात आलं की हे त्या घरचं नाहीच. १८७७ मध्ये त्याची रवानगी 'सिनिंजिया' वंशात झाली. विल्हेल्म सिनिंग नावाच्या, जर्मनीतल्या बॉनमधल्या एका माळ्यावरून पडलेलं ते नाव. माळ्याचं नाव मिळालं हे मला फार आवडलं, पण तोवर लोकांच्या तोंडी ग्लॉक्सिनिया बसलं होतं, ते काही उठलं नाही. मीसुद्धा तेच म्हणते.

आणि रानातलं त्याचं फूल मान खाली घालून असतं, हे कळल्यावर तर मी चाटच पडले. माझं बघा, सरळ छताकडे तोंड करून उभं. १८४५ साली स्कॉटलंडमध्ये जॉन फाइफ या माळ्याच्या रोपांत एक असं ताठ मानेचं, चारी बाजूंनी सारखं फूल निघालं आणि घरोघरी मग तेच शिरलं. वाकड्या फुलांच्या कुळात असं सरळ फूल निघालं, तर त्याला 'पेलोरिया' म्हणतात. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७४४ मध्ये दुसऱ्याच एका झाडावर असं फूल बघून हा शब्द वापरला. ग्रीकमधल्या 'राक्षसा'वरून. म्हणजे खिडकीत मी कौतुकाने वळवून वळवून ठेवते तो शास्त्राच्या लेखी एक राक्षस.

पहिल्या राक्षसाला मी मारलं. फुलं संपली, पानं पिवळी पडायला लागली, आणि माझ्या पोटात कालवाकालव झाली. पाणी वाढवलं. खत घातलं. पानं आणखी पिवळी, म्हणून पाणी आणखी. शेवटी माती उकरून बघितली तर बोट सरळ कंदात गेलं. आत नुसता चिखल होता, आणि वास. रोपाला कसलंही दुखणं नव्हतं, त्याला फक्त झोप आली होती. मी बापड्याला उठवून उठवून पाजत होते.

आता पिवळं पान दिसलं की मी हात आखडता घेते. पाणी कमी, मग आणखी कमी, मग बंद. वाळलेलं वरचं सगळं काढून कुंडी कपाटात. दोन ते चार महिने. अगदी गारठ्यात मात्र ठेवायची नाही. एवढ्यात फक्त एक उद्योग मी करून ठेवला: पिवळी पडण्याआधी एक धडधाकट पान देठासकट ओल्या मातीत खोचलं. पान सुकलं, तरी देठाच्या टोकाला हरभऱ्याएवढा कंद धरलाय. थोरला कंद मात्र स्वतःहून पिल्लं टाकत नाही. वर्षागणिक आपला आपणच जाड होत जातो.

कपाट उघडायचं नाही असं ठरवलेलं असतं. बूट काढायच्या निमित्ताने मी रोज उघडते. परवा मातीत काहीतरी दिसलं. टॉर्च आणला. केसाळ, करड्या-हिरव्या रंगाचे दोन कोंब, मुठी आवळून. एकच ठेवायचा आणि दुसरा खुडायचा म्हणतात, म्हणजे झाड भरदार होतं. कात्री घेऊन दोन दिवस मी त्या कुंडीसमोर बसून उठतेय. खुडलेला कोंबही मातीत खोचला तर रुजतो, हे कालच आठवलं. तेव्हा आता आधी आणखी एक रिकामी कुंडी शोधते.