टेक रिहर्सलमध्ये नाइन-नाइट

मी लंडनमध्ये एका ड्रामा स्कूलमध्ये स्टेज मॅनेजमेंट करते, म्हणजे नाटक चालू असताना हेडसेट लावून अंधारात बसायचं आणि "लाइट अमुक, गो" म्हणत राहायचं, बाकी कोणाला दिसायचं नाही. पुण्यात हौशी ग्रुपमध्ये असताना प्रॉपर्टी, नेपथ्य, चहा सगळं केलंय त्यामुळे हात सरावलेला होता, पण जमैकाचं नाटक पहिल्यांदाच वाट्याला आलं, डेनिस स्कॉटचं 'अ‍ॅन एको इन द बोन', १९७४ सालचं.

गोष्ट थोडक्यात सांगते. साल १९३७, जमैकातलं खेडं. क्रू नावाच्या शेतकऱ्याने मिस्टर चार्ल्स या गोऱ्या जमीनदाराचा खून केलाय आणि तो स्वतः गायब आहे, मेला असणार असं सगळे धरून चाललेत, पण प्रेत सापडलेलं नाही. त्याची बायको रेचेल तरीही त्याची नाइन-नाइट घालते. नाइन-नाइट म्हणजे माणूस गेल्यावर नऊ रात्री घर जागतं ठेवायचं, लोक येतात, रम, कॉफी, तळलेले मासे, डॉमिनोज (ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ), भजनं, आचरट विनोद, आणि नवव्या रात्री मेलेल्याला, त्याच्या डपीला म्हणजे भुताला, रीतसर निरोप द्यायचा. मेलेल्यासाठी वेगळं टेबल मांडतात, मध्यरात्रीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. खोलीतलं सामान हलवून ठेवतात, गादी उलटी करतात, म्हणजे तो परत आलाच तर त्याला घर ओळखू येऊ नये. नाटकात त्याच रात्री मुलगा सनसनच्या अंगात बाप येतो आणि मग ती खोपटातली मंडळीच एकदम १७९२ सालच्या गुलामांच्या जहाजावर असतात, मग लिलावात, मग मालकाच्या बंगल्यात. नट तेच, दोर-साखळ्या त्याच, आत्ता शेजारी असलेला माणूस पुढच्या मिनिटाला गोरा खलाशी. (प्रॉपर्टीवाल्याला हे स्वप्न पण आणि वैताग पण, एक साखळी चुकीच्या खुंटीवर राहिली की पुढचे तीन प्रवेश बोंबलतात.)

तर टेकच्या दिवशी, म्हणजे लाइट, आवाज, सामान सगळं नटांसकट जुळवून बघतात त्या तालमीला, डायरेक्टरने एका आंटीला बोलावलं होतं. वय ऐंशीच्या आसपास, जमैकाहून तरुणपणी नर्स म्हणून आलेल्या, सगळी नोकरी इथल्या सरकारी हॉस्पिटलांत, आणि नाइन-नाइटमध्ये भजनं सांगायला अजून यांनाच बोलावतात. सगळे आंटी म्हणत होते म्हणून मीही आंटी. त्या आल्या, कोट काढला नाही, तिसऱ्या रांगेत बसल्या आणि पहिला प्रवेश झाल्यावर म्हणाल्या, "हे काय, इंग्लिश फ्युनरलला आल्यासारखे बसलाय सगळे, हातात टिशू घेऊन. आमच्यात असं बसलं तर मेलेल्याला वाटेल आपण चुकीच्या घरी आलो."

पोरांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण गुलामगिरी, खून, शोक, त्यामुळे सगळे दोन महिने एकदम गंभीर आवाजात तालीम करत होते. आंटींनी त्यांना उठवलं, डॉमिनो टेबलावर कसा आपटायचा ते दाखवलं, नुसता ठेवायचा नाही, शेजारच्या घरात ऐकू गेला पाहिजे. मग डिंकी मिनीबद्दल सांगितलं, सेंट मेरी भागातला मयताच्या रात्रीचा नाच, कंबर आणि गुडघे असे काही हलवायचे की घरच्यांना रडता रडता हसू फुटलं पाहिजे, तोच त्याचा हेतू. मृत्यूला चिडवायचं म्हणाल्या. आणि कोट घातलेल्या अवस्थेतच दोन पावलं करून दाखवली.

मग आमचं टेबल. मासे रबराचे, रमच्या बाटलीत पाणी, बॅमी (कसाव्याची जाड भाकरी) मात्र खरी, लंडनच्या ब्रिक्स्टन भागातून आणलेली. ब्रेकमध्ये एका पोराने त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला. आंटी ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं, "बारा वाजले का?" पोराने घास थांबवला आणि गिळावा का थुंकावा ते न कळून तसाच उभा.

चहा घेताना त्यांनी मला विचारलं तुमच्यात काय करता. मी सांगितलं, दहाव्याला पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो, नाही शिवला तर घरचे हात जोडून "पोरीचं लग्न नीट करू, काळजी नको" वगैरे कबूल करत बसतात. त्या खो खो हसल्या, म्हणे मेलेली माणसं सगळीकडे अडून बसतात तर. मग एकदम विचारलं, "आणि प्रेतच नसेल तर?" मी म्हटलं दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्यावर त्या गप्प बसल्या, कप फिरवत राहिल्या, आणि म्हणाल्या की समुद्रात टाकलेल्यांचे किती पुतळे करणार.

त्यांच्या डोक्यात झाँग होतं, डायरेक्टरने पहिल्या आठवड्यातच आम्हाला सांगितलेली हकीकत. १७८१ साली जमैकाला निघालेल्या या इंग्लिश जहाजावरून सव्वाशेच्या वर जिवंत माणसं समुद्रात फेकली, पाणी पुरणार नाही म्हणून, आणि मालकांनी विमेवाल्यांकडे डोई ३० पौंडांचा दावा केला. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात केस चालली ती खुनाची नाही, विम्याची. आणि जी माणसं बेटावर पोचली त्यांना तरी धड रडता येत होतं का? १७६० मध्ये टॅकी नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली उठाव झाला आणि लगेच जमैकात कायदा आला, ओबिया (आफ्रिकेतून आलेली मंत्र-तोडग्यांची विद्या) बंद, ढोल-शिंगं वाजवून जमणं बंद. रात्री जमलेले गुलाम म्हटल्यावर मालकाला मयत दिसत नसे, बंड दिसे. गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना, २ कोटी पौंड, त्यासाठी ब्रिटिश सरकारने काढलेलं कर्ज २०१५ मध्ये पूर्ण फिटलं. "म्हणजे मी रात्रपाळ्या करून मिस्टर चार्ल्सच्या आजोबाचे पैसे फेडत होते," आंटी म्हणाल्या, आणि बिस्किट मागितलं.

दुपारी जहाजाचा प्रवेश. आखणी अशी होती की शेवटी साखळ्यांचा आवाज थांबतो, ब्लॅकआउट, आठ सेकंद, मग परत खोपट उजळतं. मी ब्लॅकआउट दिला, आकडे मोजायला लागले आणि पाचव्याला तिसऱ्या रांगेतून आवाज आला. आंटी. आधी एक ओळ नुसती बोलून सांगितली, मग ती ओढून गायली, मग पुढची ओळ सांगितली. नाइन-नाइटमध्ये असंच असतं, एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची, पूर्वी सगळ्यांना वाचता यायचं नाही आणि पुस्तक एकच असायचं. दुसऱ्या ओळीला रेचेल करणारी मुलगी लागली, मग अंधारात एकेक जण. रॅटलर नाटकात मुका आहे, ढोल हेच त्याचं बोलणं, तर तो करणाऱ्या पोरानेही हळूच ठेका धरला. हेडसेटवर लाइटवाला विचारतोय, "स्टँडिंग बाय… जाऊ का?" टेकमध्ये एकेक मिनिट मोजलेलं असतं, शेड्युल आधीच कोसळलेलं, पण मी म्हटलं होल्ड. परत विचारलं, परत होल्ड. शेवटी डायरेक्टरने हात वर केला तेव्हा अगदी मंद लाइट दिला.

उजेडात दिसलं की खलाशी करणारा पोरगा, त्याचेही आजी-आजोबा जमैकाचेच, हातात चाबूक घेऊन मधोमध उभा आहे आणि गाण्यात सामील व्हावं की नाही ते त्याला कळत नाहीये. त्याने चाबूक हातातून खाली ठेवायचा म्हणून जवळच्या टेबलावर ठेवला, माशांच्या ताटाशेजारी. आंटी ओळ अर्धी सोडून म्हणाल्या, "तिथे नाही." त्याने उचलला. जमिनीवर ठेवायला वाकला, तेही नको वाटलं असावं, परत उभा राहिला. मी कधी प्रॉम्प्ट डेस्क, म्हणजे माझी हेडसेटची जागा, सोडत नाही, त्या दिवशी सोडला, विंगेतून हात पुढे केला आणि त्याच्याकडून तो घेतला. मग तो गायला लागला, आणि काय बेसूर!

डायरेक्टरने ते सगळं नाटकात ठेवलं. आठ सेकंदांचा क्यू (लाइट कधी द्यायचा त्याची खूण) मी खोडला, त्या जागी लिहिलं "रेचेलचं भजन, लाइट ढोल थांबल्यावर", त्यामुळे प्रवेश रोज वेगळ्या लांबीचा, लाइटवाला रोज माझ्या नावाने खडे फोडणार. चाबूक रोज विंगेत एकाच्या हातात द्यायचा, कुठेही ठेवायचा नाही, असंही प्रॉपर्टीच्या यादीत घातलं. मासे खरे आणावेत असा आंटींचा आग्रह होता. बजेटवाल्या मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग एका अटीवर हो म्हटलं, की शो संपल्यावर तेच सगळ्यांनी खायचे. बारा वाजायची वाट न बघता, कारण बिल्डिंग साडेअकराला बंद होते.