तुम्ही विचारलंत म्हणून: हरलेला संघ पुन्हा मैदानात कसा?

आयर्लंडमध्ये नव्याने आलेले मराठी लोक मे महिन्यात हा प्रश्न हमखास विचारतात. २०२५ मध्ये गेलिक फुटबॉलमध्ये (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश खेळ) अल्स्टर प्रांताचा अंतिम सामना आर्मा हरला, डोनेगॉलने करंडक उचलला, आणि त्याच महिन्यात आर्मा पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत खेळताना दिसला. मग प्रांतात हरण्याला अर्थ काय राहिला?

आधी रचना पाहू. बेटावर ३२ काऊंट्या आणि चार प्रांत. काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी समजा. अल्स्टरमध्ये नऊ काऊंट्या आहेत. त्यातल्या सहा उत्तर आयर्लंडमध्ये आणि तीन प्रजासत्ताकात, म्हणजे ही स्पर्धा सीमेच्या दोन्ही बाजूंना खेळली जाते. लेन्स्टरमध्ये बारा काऊंट्या, पण किलकेनी काठी-चेंडूच्या हर्लिंग खेळाची वेडी, ती वरिष्ठ फुटबॉलमध्ये उतरत नाही, म्हणून संघ अकरा. मन्स्टरमध्ये सहा. कॉनॉटमध्ये पाच, शिवाय लंडन आणि न्यूयॉर्क हे स्थलांतरितांचे दोन संघ. (दिल्लीतल्या कॅनॉट प्लेसला ज्या ड्यूकचं नाव दिलं, त्याची पदवी याच प्रांतावरून आली.) न्यूयॉर्कचा सामना ब्रॉन्क्समध्ये होतो आणि पाहुण्या संघाला अटलांटिक ओलांडून जावं लागतं. ती सहल नाही, हे लीट्रिमला २०२३ मध्ये कळलं. न्यूयॉर्कने त्यांना पेनल्टींवर हरवून कॉनॉट स्पर्धेतला आपला पहिला विजय मिळवला.

प्रांतांचे आकार असे विषम असल्यामुळे करंडकापर्यंतची वाटही प्रत्येकाला सारखी नसते, आणि नव्या प्रेक्षकाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. अल्स्टरमध्ये नऊ संघांचे आठ करायला एक प्राथमिक सामना घ्यावा लागतो. २०२५ मध्ये डोनेगॉलच्या वाट्याला तो आला. डेरी, मॉनहन, डाऊन आणि शेवटी आर्मा असे चार सामने जिंकल्यावर त्यांना करंडक मिळाला. मन्स्टरमध्ये तेव्हा आदल्या वर्षीच्या दोन अंतिम संघांना थेट उपांत्य फेरीत चाल मिळे. त्यामुळे त्याच वर्षी क्लेअरने टिपरेरीला हरवलं आणि एका विजयावर अंतिम फेरी गाठली. हा फरक पुढे फार महागात पडतो.

पूर्वी सगळं बाद पद्धतीने चालायचं. प्रांतात हरलात की वर्ष संपलं. २००१ मध्ये मागचं दार उघडलं, आणि पहिल्याच वर्षी कॉनॉटमध्ये हरलेल्या गॉलवेने त्या दाराने येऊन अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं. २०२३ ते २०२५ या काळात राष्ट्रीय फेरीत सोळा संघ आणि चौघांचे चार गट होते. प्रांतांच्या अंतिम फेरीतले आठही संघ आपोआप आत येत. उरलेल्या जागा मुख्यतः हंगामाच्या सुरुवातीला होणाऱ्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या क्रमवारीवरून भरत. बाकीचे संघ दुसऱ्या दर्जाच्या टॅल्टन करंडकात जात.

म्हणजे प्रांतिक उपांत्य सामना हाच खरा कडेलोट. २०२५ मध्ये क्लेअर आणि किल्डेअर दोघेही साखळीत तिसऱ्या श्रेणीत होते. किल्डेअर लेन्स्टरच्या उपांत्य फेरीत लाउथकडून हरला आणि टॅल्टनमध्ये गेला (तो करंडक त्यांनी जिंकला). क्लेअरला मन्स्टरच्या सोप्या बाजूने सॅम मग्वायर करंडकाच्या, म्हणजे अखिल आयर्लंड अजिंक्यपदाच्या, गटात जागा मिळाली. मला हे अन्यायाचं वाटतं. सोडतीला इतकं वजन असायला नको.

प्रांत जिंकणाऱ्याला काय मिळे? गटातला पहिला सामना घरच्या मैदानावर. गटात पहिला आलात की थेट उपांत्यपूर्व फेरी. दुसरे-तिसरे आलात की मधे आणखी एक बाद सामना, म्हणजे विश्रांतीचा आठवडा गेला. पण २०२५ मध्ये केरी, डोनेगॉल, गॉलवे आणि लाउथ या चारही प्रांतिक विजेत्यांपैकी एकही गटात पहिला आला नाही. डोनेगॉल बॅलीबोफेच्या घरच्या मैदानावर टिरोनकडून हरला. केरीला मीदने हरवलं. आर्मा आणि मीद, म्हणजे प्रांतिक अंतिम सामन्यात हरलेले दोघे, आपापल्या गटात पहिले आले. तरी जुलैच्या अंतिम सामन्यात उभे राहिले केरी आणि डोनेगॉलच, आणि दोघेही त्या जादा बाद सामन्यातून आलेले. केरी १-२६ विरुद्ध ०-१९ असा जिंकला (हे आकडे कसे वाचायचे ते खाली). त्याआधीच्या वर्षी, २०२४ मध्ये, आर्मा अल्स्टरचा अंतिम सामना पेनल्टींवर हरला होता आणि पुढे अखिल आयर्लंड विजेता ठरला.

२०२६ पासून गट काढून टाकायचं ठरलं, पण पहिल्या पराभवानंतर आणखी एक संधी द्यायची, हे तत्त्व ठेवलं.

धावफलकाबद्दलही सगळे विचारतात. आधीचा आकडा गोलांचा, त्याला तीनने गुणा आणि नंतरचे गुण मिळवा. २०२५ चा अल्स्टर अंतिम सामना जादा वेळेनंतर २-२३ विरुद्ध ०-२८ असा संपला, म्हणजे २९ विरुद्ध २८. एकाच गुणाचा फरक! त्या वर्षीपासून गोलपासून ४० मीटरवर मैदानात आखलेल्या कमानीबाहेरून लाथेने चेंडू आडव्या दांड्यावरून घातला तर दोन गुण मिळतात, आणि ते नंतरच्या आकड्यातच धरतात. त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय मध्यंतराच्या आघाडीवर विश्वास ठेवू नका. पहिल्या अर्ध्यात वारा पाठीशी असलेल्या संघाला सहा गुणांची आघाडीही पुरेल असं नाही.

सामना बहुधा गोलरक्षकाच्या किक-आउटवर, म्हणजे चेंडू पुन्हा खेळात आणणाऱ्या किकवर, फिरतो. आता ती किकही कमानीच्या पलीकडे जावी लागते, शेजारच्या बचावपटूकडे हळूच ढकलून भागत नाही. मध्यरक्षक हवेत चेंडू झेलू शकले नाहीत तर आपल्याच तीन-चार किक ओळीने प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातात आणि पाच मिनिटांत सामना निसटतो. प्रत्येक संघाला तीन खेळाडू समोरच्या अर्ध्यात ठेवावेच लागतात, म्हणून सगळ्यांनी मागे येऊन भिंत बांधण्याची जुनी सोयही गेली.

आता लाउथ. खेळाडूंना मानधन नाही आणि दुसऱ्या काऊंटीतून विकत आणायची सोय नाही. जो आपल्या क्लबात वाढला त्याच्यावरच संघ उभा. लोकसंख्येचं बळ असलेल्या डब्लिनने २०११ ते २०२४ अशी सलग चौदा वर्षं लेन्स्टर जिंकलं, आणि २०२३ व २०२४ च्या अंतिम सामन्यांत समोर लाउथच होता. त्याआधी २०१० च्या लेन्स्टर अंतिम सामन्यात डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर जादा मिनिटांत मीदच्या खेळाडूने चेंडू रेषेपलीकडे नेला, तो गोल नियमात बसत नव्हता, पंचांनी चूक मान्य केली, तरी निकाल कायम राहिला. २०२५ मध्ये समोर पुन्हा मीद. लाउथ ३-१४ विरुद्ध १-१८ असा जिंकला. १९५७ नंतरचं पहिलं लेन्स्टर. पुढे गटात ते तिसरे आले आणि डोनेगॉलने त्यांना बाद केलं. त्यांच्या हंगामाला अर्थ होता का, हे लाउथच्या माणसाला विचारून पाहा.

एकच सामना पाहणं जमणार असेल तर क्लोनिसला अल्स्टरचा अंतिम सामना पाहा. गाव लहान आहे, सीमेला लागून आहे आणि रस्ते अरुंद आहेत. गाडी बाहेर लावून चालत जावं लागतं, म्हणून सामन्याच्या दोन तास आधी पोहोचा. तिकीट आधी ऑनलाइन घ्या. उघड्या उतारावरचं असेल तर मे महिना असला तरी पावसाचं जाकीट विसरू नका. छत्री उघडली तर मागच्यांना काही दिसत नाही.