पाइपला दार आणि कसब्यातला बंब

इथे रात्रीचे नऊ वाजले की पुण्यात सकाळचे साडेसात. बाबांचा पहिला चहा झालेला असतो, म्हणून फोन याच वेळेला. मी कॅमेरा स्टोव्हमागच्या काळ्या पाइपाकडे वळवला आणि सांगितलं, "आज याला दार बसवलं."

"दार? अगं, मग धूर घरात नाही का येणार?"

मलाही आधी तेच वाटलं होतं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनजवळ राहतो. हा अँथ्रासाइटचा मुलूख. जमिनीखालच्या खाणी बहुतेक बंद झाल्या, पण जुन्या घरांत कोळशाचे स्टोव्ह अजून आहेत. हा कोळसा टणक, चकचकीत, जवळजवळ बिनधुराचा. पेटला की वर निळ्या ज्योती नाचतात. 40 पौंडांचं पोतं येतं. आम्ही 'नट' आणतो, म्हणजे साधारण अक्रोडाएवढे तुकडे.

गेल्या जानेवारीत बाहेर जितकी थंडी कडक, तितका स्टोव्ह बेफाम. खालचं हवेचं झाकण जवळजवळ बंद केलं तरी निखारे पांढरे, पाइपाला हात लावायची सोय नाही, आणि खोली मात्र गारच. सकाळी बघावं तर निम्मी राख. मी कोळशाला नावं ठेवत होते. शेजारच्या आजोबांनी पाइपाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, तुझी चिमणी फार ओढते.

हे बाबांना एका वाक्यात कळलं, कारण कसब्यात आजीकडे तांब्याचा बंब होता. तांबट आळी दोन गल्ल्यांवर, त्यामुळे तोटी गळायला लागली की बंब उचलून तिकडेच. मधल्या नळीत ढलप्या टाकायच्या, खाली जाळी, तिच्याखाली राख. जाळ फार भडकला की बाबा नळीवरचं झाकण चिमट्यानं अर्धवट सरकवायचे. तापलेली हवा हलकी होऊन वर धावते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. बाहेर थंडी जास्त, चिमणी उंच, त्यात वारा, की ओढ आणखी वाढते. आमची चिमणी दोन मजले चढते.

बंबाचं झाकण वाट अडवतं; पाइपाच्या या दाराची, म्हणजे ओढ आवरणाऱ्या ड्राफ्ट रेग्युलेटरची, युक्ती उलटी आहे. पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा आणि त्याच्या तिसऱ्या तोंडात कड्यात झुलणारी, वजन लावलेली पत्र्याची झडप. ओढ ठरलेल्यापेक्षा वाढली की झडप आत उघडते आणि चिमणी खोलीतली हवा पिते. निखाऱ्यांतून तेवढी कमी ओढते. पाइपातला दाब खोलीपेक्षा कमी असतो, म्हणून धूर बाहेर येत नाही. बाबांना दाखवायला झडपेशी उदबत्ती धरली. धुराची रेघ वाकून सरळ आत गेली.

"म्हणजे गरम हवा फुकट बाहेर!" पुणेकर हिशेब. खरंय, थोडी जाते. पण आधी चिमणी कोळसाच गिळत होती.

बसवणं तसं सोपं. स्टोव्ह पूर्ण थंड, टी बसवला, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. झडपेचा आस पाण्यासारखा समतल हवा आणि तोंड उभं सरळ. मी लेव्हल लावून पाहिली. घोळ पुढे केला. कडं हलू नये म्हणून त्याचा स्क्रू जोर लावून आवळला. कडं किंचित अंडाकृती झालं आणि झडप घासून अर्ध्यातच अडकली. पहिल्या रात्री स्टोव्ह पूर्वीइतकाच भडकला. दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा सैल केला, बोटानं टिचकी मारली, तेव्हा कुठे मोकळी झुलली.

आता वजन. ते अंदाजानं लावणारे आहेत. मला पटत नाही. स्टोव्ह आणि टी यांच्यामध्ये पाइपाला बारीक भोक पाडलं, त्यात धातूची नळी, तिला रबरी नळी आणि शेजारच्या आजोबांचा लाल तेलाचा मॅनोमीटर, म्हणजे ओढ मोजायचं साधन. दोन तास स्टोव्ह चांगला तापू दिला, कारण गार चिमणीवरचं माप खोटं. झडपेवर फॉइल लावून पाहिलं तर ओढ 0.11 इंच पाण्याएवढी. स्टोव्हच्या पुस्तिकेत 0.05 सांगितलंय, म्हणजे सव्वा मिलिमीटर पाण्याएवढा दाब. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ! फॉइल काढलं, वजन थोडं सरकवलं, पाच मिनिटं थांबले, पुन्हा सरकवलं. चौथ्या खेपेला तेल 0.05 वर स्थिरावलं. वारा आला की झडप टिक-टिक करते आणि तेल जागचं हलत नाही.

ओढ फार कमी केली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो; त्याला ना रंग ना वास, म्हणून झोपायच्या खोल्यांत अलार्म आहेत. झडपेमागे राख साठते, तीही काढावी लागते. समोरच्यांकडे लाकडाचा स्टोव्ह आहे, त्यांनाही हे हवं होतं. मी नको म्हटलं. लाकडाच्या धुराचं डांबर थंड चिमणीत चिकटतं, आणि ते पेटलंच तर हीच झडप उघडून आगीला हवा देते.

दीड पोत्याचं आता दिवसाला एक पोतं लागतंय. बाबांनी माळ्यावरचा बंब काढून बघितला. झाकण सापडलं नाही. मी मापाच्या भोकात एक स्क्रू फिरवून ते बंद केलंय. मॅनोमीटर उद्या आजोबांना परत द्यायचाय.