पगारपत्रकावरच्या दोन आडव्या रेघा

2019 साली जर्मनीत स्टुटगार्टला आले आणि महिनाभराने पहिलं पगारपत्रक हातात पडलं. आकडे बघायच्या आधी माझं लक्ष एका रकान्याकडे गेलं. 'कॉन्फेसिऑन', म्हणजे धर्मपंथ. त्यात नुसत्या दोन आडव्या रेघा होत्या. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने समजावून सांगितलं, की कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा सभासद असेल तर तिथे त्याची खूण येते आणि त्याला चर्चकर पडतो. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणि शेजारच्या बायर्नमध्ये तो आयकराच्या 8 टक्के, बाकीच्या राज्यांत 9 टक्के. कंपनी तो पगारातूनच कापते आणि करखात्यामार्फत तो चर्चकडे जातो. राहण्याचा पत्ता नोंदवायच्या सरकारी अर्जावर धर्म का विचारला होता, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

म्हणजे पगार काढणाऱ्याला तुमचा पंथ माहीत असतो. सुट्ट्यांच्या यादीतही बहुतेक सण ख्रिस्ती. तरीही ऑफिसात मला आजवर कोणी धर्म विचारलेला नाही. नोकरीच्या मुलाखतीतही हा प्रश्न विचारता येत नाही. चर्चच्याच संस्था असतील तर गोष्ट वेगळी. करासारखा कायद्याचा विषय सोडला, तर आपली श्रद्धा उघड करायला कोणालाही भाग पाडता येणार नाही, असं इथल्या राज्यघटनेत आहे. हे कलम मूळचं 1919 च्या वायमार घटनेतलं, पुढे 1949 च्या घटनेत तसंच घेतलेलं. या देशाने मधल्या काळात काय पाहिलं ते आठवलं, की त्या एका वाक्याचं मोल कळतं. मला त्या दोन रेघांचा मोठा आधार वाटायचा.

राजकारणाचा नियम मी चूक करून शिकले. सप्टेंबर 2021 च्या निवडणुकीनंतरच्या सोमवारी मी सहज एकाला विचारलं, "कोणाला दिलंत मत?" तो शांतपणे म्हणाला, "मतदान गुप्त असतं," आणि कामाला लागला. त्यात राग नव्हता. धोरणांवर मात्र ही माणसं भरभरून बोलतात: भाडी, पेन्शन, रेल्वेचा उशीर, घर गरम ठेवायचा खर्च. पक्षाचा प्रचार कंपनीने किंवा कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या कामगार मंडळाने कामाच्या जागी करायचा नाही, असा कायदाच आहे. साध्या कर्मचाऱ्याला मत मांडायची मोकळीक आहे, फक्त कामाची शांतता मोडायची नाही. (या कामगार मंडळाच्या निवडणुकीत नागरिकत्व विचारत नाहीत. 2022 च्या वसंतात मी तिथे मत टाकलं. जर्मनीतलं माझं ते पहिलं मत, आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.)

मग जानेवारी 2024 आला. परदेशी मुळाच्या लोकांना मोठ्या संख्येने देशाबाहेर पाठवण्यावर पॉट्सडामजवळच्या एका बैठकीत चर्चा झाली, तिथे एएफडी या स्थलांतरविरोधी, कडव्या उजव्या पक्षाचेही लोक होते, अशी बातमी 'करेक्टिव्ह' या शोधपत्रकारांच्या संस्थेने दिली. देशभर मोर्चे निघाले. आमच्या कँटीनच्या टेबलावर तो विषय निघाला आणि बोलता बोलता सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुला काय वाटतं? तुला भीती वाटते का?" चांगली माणसं, मनापासून विचारत होती. पण माझा घास तोंडातच राहिला. टेबलावर आठ जण होते आणि उत्तर फक्त मला द्यायचं होतं. 'नाही' म्हणाले असते तर खोटं झालं असतं. 'हो' म्हणाले असते तर पुढचा अर्धा तास मला धीर देण्यात गेला असता. "बघू," म्हणाले आणि ताट उचललं. त्या रात्री नवऱ्याशी बोलताना मला रडू आलं.

हे इतकं सविस्तर सांगतेय, कारण पुढे चारच महिन्यांनी मी स्वतः तेच केलं.

आमच्या कंपनीत भारतीयही बरेच. आठवड्यातून दोनदा आम्ही एका टेबलावर जेवतो. मराठी-हिंदीत बोलायचं, इतरांना कळत नाही, मग काय, घरच्यासारखं मोकळं. 4 जून 2024, मंगळवार. लोकसभेची मतमोजणी. आमच्या जेवणाच्या वेळेपर्यंत भारतात दुपारचे साडेतीन वाजलेले, चित्र बरंचसं स्पष्ट झालेलं. आवाज चढले. कोणी म्हणालं, "त्यांची मतं एकगठ्ठा गेली," आणि टेबलावरच्या एकमेव मुसलमान मुलाकडे नजरा वळल्या. सोलापूरकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, उत्तम मराठी बोलणारा. कोणीतरी विचारलंच, "काय रे, तुमच्यात काय ठरलं होतं?" तो हसला, काहीतरी पुटपुटला. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मीही उत्तराची वाट बघत होते.

तो त्या टेबलावर यायचा बंद झाला. मला ते कळायला सप्टेंबर उजाडला. विचारलं, तर म्हणाला, "ताई, राग नाही हो. पण तिथे बसलं की दरवेळी मलाच उत्तर द्यावं लागतं. जेवायला अर्धा तास असतो."

मी त्याची माफी मागितली. टेबलावरही बोलले. एकाला ते आवडलं नाही. "आता मित्रांत बोलायचीही चोरी," म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटत नाही. राजकारण बोलूच नये असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ते आवडतं. पण ज्याच्या नावा-आडनावावरून आपण त्याचं मत आधीच ठरवलेलं असतं, त्याला मत विचारणं म्हणजे गप्पा नव्हेत, झडती आहे. मैदानात भेटलो तर त्याला निघून जाता येतं. ऑफिसात उद्या परत त्याच मीटिंगला बसायचं असतं, कदाचित विचारणाऱ्याच्याच हाताखाली.

आता मी मंगळवारी त्याच्याबरोबर खिडकीजवळ जेवते. 23 फेब्रुवारी 2025 ला इथली निवडणूक झाली, एएफडी 20.8 टक्के मतांसह दुसऱ्या क्रमांकावर आला. मंगळवारी जेवताना बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. मग मीच म्हणाले, "मला भीती वाटते रे. मुलीची जास्त." हे मी ऑफिसात पहिल्यांदाच बोलले. त्याने ऐकून घेतलं, धीर वगैरे दिला नाही. डबा बंद करताना म्हणाला, "ताई, त्या जूनमध्ये माझ्या घरी काय चाललं होतं, सांगू?"

त्या दिवशी आम्ही दोघंही दोनच्या मीटिंगला उशिरा पोचलो.